माफीपत्राला वीसपैकी किती

परक्या भाषेत लिहिता येणं ही विद्या आहे. पण लिहिलेलं तपासणं हा संसार आहे, आणि तो एकट्याने होत नाही. म्हणून स्पॅनिशच्या परीक्षेत प्रत्येक उत्तरपत्रिका दोन परीक्षक तपासतात, तीही एकमेकांचे गुण न बघता.

ज्या नर्सची ही हकीकत आहे तिला या परीक्षेतून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. ती एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. तिथल्या निम्म्या आजी-आजोबांना म्हातारपणी स्पॅनिशखेरीज बाकी भाषांचा विसर पडला होता, त्यामुळे स्पॅनिशचं प्रमाणपत्र असेल त्या नर्सला दिवसपाळी मिळे. प्रमाणपत्राला लेखनात वीसपैकी पंधरा गुण लागत. म्हणजे पंधरा मिळाले की ती आणि तिची शाळकरी मुलगी एकाच वेळी जाग्या. चौदा मिळाले तर एक जागी असताना दुसरी झोपलेली, ही चालू व्यवस्था कायम.

तपासणारे दोघं नवरा-बायको. संस्थेत त्यांना सर आणि बाई म्हणतात. स्वतंत्रपणे तपासायचं म्हणून दोघं जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसतात आणि मध्ये बिस्किटांचा डबा उभा करतात. डब्यापलीकडचं दिसत नाही. (ऐकू येतं, पण नियमात ऐकण्याविषयी काही म्हटलेलं नाही.) निकष पाच, प्रत्येकी चार गुण. बाई ‘अरे वा’ म्हणाल्या की सर सगळीकडे चार देतात, ‘बरं’ म्हणाल्या की तीन, आणि काही न बोलता चहा टाकायला उठल्या की एक. अशा रीतीने एकोणीस वर्षांत दोघांच्या गुणांत दोनापेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. संस्था आपल्या माहितीपत्रकात याला ‘मूल्यमापनाची विश्वासार्हता’ म्हणते आणि खाली दोघांचा फोटो छापते.

त्या वर्षीचा प्रश्न होता: ‘मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या महत्त्वाच्या दिवशी तुम्ही गेला नाहीत. माफी मागा, कारण सांगा, भरपाई सुचवा.’ दोनशे बारा जणांनी माफी मागितली. त्यांपैकी एकशे चाळीस जणांची गाडी चुकली, चाळीस जणांचा फोन बिघडला आणि एकतीस जणांच्या आज्या दवाखान्यात दाखल झाल्या. (शेवटच्या परिच्छेदापर्यंत सगळ्या खडखडीत बऱ्या झाल्या, वैद्यकशास्त्राने नोंद घ्यावी.) या सर्वांनी भरपाई म्हणून मित्राला समुद्रावर न्यायचं कबूल केलं, कारण समुद्र पाचव्या धड्यात आहे.

उरली एक नर्स. तिनं लिहिलं:

‘मी विसरले नव्हते. सकाळी लक्षात होतं, दुपारीही होतं. मी दमले होते, आणि मनात म्हटलं, तू काही बोलणार नाहीस. तू बोलत नाहीस, म्हणून तुझाच दिवस चुकवणं सोपं वाटलं. तू स्टेजवरून दाराकडे बघत होतीस, असं मला नंतर कोणीतरी सांगितलं. माझ्याकडे कारण नाही. रविवारी मी तुझ्याशेजारी बसेन. तू हवं तेवढं रागाव, मी घड्याळ बघणार नाही.’

(ही मैत्रीण साधारण आठ वर्षांची असावी असा संशय येतो; पण मैत्रिणीचं वय प्रश्नात विचारलेलं नव्हतं.)

योगायोग असा, की त्याच आठवड्यात बाईंच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना दवाखान्यातून आणायला सर जाणार होते. सर गेले नाहीत. सासूबाई डोळ्याला पट्टी बांधून दोन तास बाकावर बसल्या. सरांनी कारण दिलं: टायर पंक्चर. (बाईंनी टायर बोटानं दाबून पाहिला. टणक होता.)

त्यामुळे नर्सचं पत्र वाचून बाई ‘अरे वा’ म्हणाल्या नाहीत, ‘बरं’ म्हणाल्या नाहीत, चहालाही उठल्या नाहीत. त्यांनी नाक पुसलं. या आवाजाला किती गुण द्यायचे हे ठरलेलं नसल्यामुळे सरांना एकोणीस वर्षांत प्रथमच उत्तरपत्रिका वाचावी लागली.

“यात कारण कुठंय?” सरांनी डब्याला विचारलं.

“कारण नाही, असं लिहिलंय की तिनं.”

“मग उत्तर अपुरं. गुण कापणार.”

“अहो, खरं लिहिलंय!”

“खरं लिहा असं प्रश्नात कुठंय? कारण द्या, असं आहे. साधी एक गाडी चुकवता येत नाही हिला?”

“नाहीतर टायर तरी पंक्चर करायचा,” बाई म्हणाल्या.

बाईंनी वीस दिले, सरांनी सहा. एवढा फरक पडला की तिसरे परीक्षक म्हणून संस्थेचे प्रमुख बसतात. प्रमुखांना स्पॅनिश येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप होऊ शकत नाही. त्यांनी फोन करून “घरी सगळं ठीक ना?” एवढं विचारलं आणि सरासरी काढली. तेरा. नर्स नापास.

बाईंनी बोलणं बंद केलं. डबा मात्र टेबलावरून हलवला नाही. आता तो जेवतानाही मध्ये असे. चौथ्या दिवशी सर माफीपत्र लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात टायर आला, दुसऱ्यात त्यांची कैलासवासी आजी आजारी पडली, तिसऱ्यात समुद्र लागला. शेवटी त्यांनी गठ्ठ्यातून नर्सचा कागद काढला, स्टेजच्या जागी बाक आणि मैत्रिणीच्या जागी सासूबाई घातल्या, आणि सुवाच्य अक्षरात उतरवून डब्याखाली ठेवला.

बाईंनी वाचलं. “चोरलंत?”

“वीस गुणांचं आहे. तूच दिलेस.”

“मग तुम्ही सहा का दिलेत?”

“लाज वाटली वाचून.”

एवढ्या वर्षांत सरांनी दिलेलं हे पहिलं कारण, जे बोटानं दाबून बघावं लागलं नाही. बाईंनी डबा उचलून फडताळात ठेवला. “आधी तिचे गुण सुधारा,” त्या म्हणाल्या, “मग जेवायला बसा.”

गुण सुधारायचे तर अर्जात कारण द्यावं लागतं. आजवरचे सगळे अर्ज ‘नजरचूक’ या एका शब्दावर मंजूर झालेले आहेत. पण सरांना खरं बोलण्याची नुकतीच चव लागली होती. त्यांनी लिहिलं: ‘पत्र इतकं चांगलं आहे की मी ते स्वतः वापरलं. उपयोग झाला.’

समितीने तातडीने बैठक घेतली. नियम स्वच्छ होता: एकच मजकूर दोघांकडे आढळल्यास ती कॉपी, आणि कॉपी आढळल्यास उमेदवार रद्द. दोघांपैकी सर हे उमेदवार नव्हते, त्यामुळे त्यांना रद्द करायची सोय नव्हती.

“अहो, कॉपी आमच्या ह्यांनी केली!” बाई कडाडल्या.

“बाई,” प्रमुख समजुतीनं म्हणाले, “कॉपी कोणी केली हे नियमात नाही. कोणाला रद्द करायचं, एवढंच आहे.”

सहा महिन्यांनी नर्स पुन्हा फी भरून बसली. या वेळी तिची आजी दवाखान्यात दाखल झाली, बरी झाली, आणि सगळे समुद्रावर गेले. डबा टेबलावर परत आला होता. बाई “बरं” म्हणाल्या. दोघांचेही पंधरा.

तर एकंदर जमाखर्च असा: सरांना माफी मिळाली, बाईंना माफीपत्र, संस्थेला दोनदा फी आणि नर्सला दिवसपाळी. मधल्या काळात मुलीच्या शाळेत आणखी एक नाटक झालं. रात्रपाळीमुळे आई गेली नाही. मुलीनं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, गाडी चुकली. उत्तरात माफी होती, कारण होतं, रविवारी समुद्रही होता. मुलगी “बरं” म्हणाली.

राहिलात तुम्ही. ते पत्र वाचताना तुमच्याही डोळ्यांसमोर कोणीतरी आलं असेल, आणि त्यातलं एखादं वाक्य उचलून पाठवावं असंही मनात येऊन गेलं असेल. खुशाल पाठवा. फक्त कुठून घेतलं ते कुणाला सांगू नका. नर्सला पुढच्या पातळीची परीक्षा द्यायची आहे, आणि आपल्या उचलेगिरीची फी तीच भरते.