आपापली भीती काउंटरवर जमा करावी

मगदूम ब्रोकरच्या ऑफिसात भीती घेऊन आत जाता येत नाही. ती काउंटरवर जमा करून पितळी टोकन घ्यावं लागतं. घाबरलेली माणसं भलत्या वेळी विकतात, असं मगदूमसाहेबांचं मत. हाव जमा करायचीही सोय आहे, पण ती आपण घरीच ठेवून आलोय असं सगळे सांगतात.

विद्याधर आरवाडे साखर कारखान्यातून निवृत्त झाले आणि फंडाची सगळी रक्कम त्यांनी एका पंपांच्या कंपनीत घातली. शेअर रोज घसरत होता आणि आरवाडे स्क्रीनसमोर मजेत चहा पीत होते.

एका संध्याकाळी त्यांनी टोकन दिलं, तर फळीवर त्यांची भीती नव्हती.

"कुणीतरी चुकून नेली बघा," काउंटरवरच्या मुजावरबाई म्हणाल्या. "ही एक उरलीय. पालीची आहे. आज एवढी घेऊन जावा, तुमची आली की बदलून देते."

आरवाडे ती घेऊन घरी आले, ट्यूबलाइटच्या मागे डोकावले आणि निवांत जेवायला बसले.

"आपला शेअर पडतोय म्हणे?" शैलजाबाईंनी विचारलं.

"पडतोय की. भात वाढ."

"अहो, भीती नाही वाटत?"

"हरवली."

शैलजाबाईंचा घास हातातच राहिला. म्हातारपणाची सगळी भिस्त त्या शेअरवर, आणि सांभाळणारा माणूस हा असा! सकाळी त्यांनी स्वतःची भीती उतरवली आणि भाजीच्या पिशवीत घालून नवऱ्याच्या हातात दिली.

"जपून न्या. जड आहे."

मुजावरबाईंनी पिशवी उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "तुमची अजून आली नाही. आणि नियम आपापल्या भीतीचा, दुसऱ्याच्या नावाची जमा करून घेत नाही, काका. मांडीवर घेऊन बसा."

बाजार उघडला आणि आरवाड्यांना दरदरून घाम फुटला. गळकं छप्पर, बायकोचे गुडघे, औषधांची बिलं, सगळं एकदम दिसलं. त्यांनी अर्धे शेअर तिथल्या तिथे विकले आणि उरलेल्यांना स्टॉपलॉस लावला: भाव एवढ्याखाली गेला की आपोआप विकले जावेत. दुपारी कंपनी कोसळली. आरवाडे थोडक्या तोट्यात बाहेर पडले होते. बाकीचे शांतपणे बुडत होते. बाजार बंद झाल्यावर त्यांनी रांगेत टोकनं दिली, आपापली भीती घेतली आणि मग जिन्यात बसून रडले.

आरवाडे घरी आले तेव्हा दार सताड उघडं होतं. शैलजाबाई झोपाळ्यावर पाय वर घेऊन तिखटमीठ लावलेला पेरू खात होत्या. बायकोचा असा चेहरा आरवाड्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

"वाचलो, शैला! ही घे तुझी."

"राहू द्या तुमच्याकडेच."

"अगं, पण तुझी आहे ती."

"माझी कसली? आजवर दोघांची मीच वाहिली."

त्यांनी पेरूचा अर्धा तुकडा नवऱ्याला दिला. आरवाड्यांनी तो खाल्ला, पिशवी काखेत धरली आणि गॅस बंद आहे का ते पाहायला आत गेले.