हिरवा झाला की सांगा

"आजपासून या घरात एकही स्क्रू हातानं पिळला जाणार नाही," जावईबापूंनी जाहीर केले. "ते युग संपलं. माणसाचं मनगट यापेक्षा मोठ्या कामासाठी दिलेलं आहे."

हे बोलताना त्यांच्या एका हातात नवेकोरे बिनवायरचे ड्रिल होते आणि दुसरा हात बाथरूमच्या दारावर होता. दार मात्र बाथरूमला नव्हते. ते हॉलमध्ये सोफ्याला टेकून उभे होते आणि चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे अवघडलेले दिसत होते. जुन्या बिजागऱ्या निघाल्या होत्या, नव्या बसायच्या होत्या. नव्या युगाचा शुभारंभ म्हणून जावईबापूंनी चौकटीवर बिजागरी धरली, स्क्रूवर ड्रिल टेकवले आणि खटका दाबला. ड्रिल आधी जोरात घुरघुरले, मग पेंगुळले, आणि मग गप्प झाले.

"संपलं का युग?" बायकोने विचारले.

"बॅटरी संपली. चार्जर कशासाठी दिलाय?"

श्रोते दोघेच होते. एक बायको, जिने केसांना नुकताच काळा रंग फासून डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती. दुसरे तिचे वडील, जे महिनाभर लेकीकडे राहायला आले होते. ते जावयाला जावईबापू म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.

दार आजच काढण्याचे कारण म्हणजे साडू. बायकोची थोरली बहीण आणि तिचे यजमान संध्याकाळी चहाला येणार होते. मागच्या खेपेला हे साडू बाथरूममध्ये गेले, तेव्हा दार फरशीला घासत करवादले होते. साडूंनी बाहेर येऊन ते खांद्याने उचलून पाहिले आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, "बिजागऱ्या गेल्यात. राहू द्या, पुढच्या वेळी येईन तेव्हा मी करून देतो." 'करून देतो' हे दोन शब्द जावईबापूंच्या छातीत घुसले ते तिथेच राहिले. पगार झाल्या झाल्या त्यांनी ड्रिल आणले. घरातला एकुलता एक स्क्रूड्रायव्हर त्यांनी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन टाकला, तोही 'तुम्हाला लागेल, आम्हाला आता नाही' असे म्हणून.

साडू येतील तेव्हा दार आपल्या जागी, आपल्या हातचे आणि मुकाट फिरणारे हवे. नाहीतर साडू कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावतील, बाह्या सरसावतील आणि करून देतील. हे चित्र जावईबापूंना सहन होण्यासारखे नव्हते.

त्यांनी बॅटरी चार्जरमध्ये बसवली. लाल दिवा लुकलुकू लागला.

"लुकलुकतो म्हणजे काय?"

जावईबापूंनी माहितीपत्रक उलगडले. ते बऱ्याच भाषांत होते; त्यातली एकही या घरात कुणाला येत नव्हती. लुकलुकणाऱ्या दिव्याशेजारी तापमापकाचे चित्र होते.

"बॅटरी तापलीय," ते म्हणाले. "थंड झाल्याशिवाय हा घेणार नाही."

"कशानं तापली? एक स्क्रू तरी कुठं बसलाय?"

जावईबापूंनी माहितीपत्रकाची घडी घातली. सकाळपासून ड्रिल हातात घेऊन, हवेत धरून, नुसताच खटका दाबून आवाज ऐकण्याचा कार्यक्रम त्यांनी गच्चीत एकट्याने बराच वेळ केला होता. त्यांनी बॅटरी फ्रिजमध्ये टोमॅटोंशेजारी ठेवली. वेळ वाचवायचा म्हणून वरच्या, बर्फाच्या कप्प्यात हलवली. बाहेर काढून चार्जरला लावली. लाल दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

"आता काय म्हणतोय?"

"आता गारठलीय."

"नवीन सून आणल्यासारखं झालंय," बायको म्हणाली. "मी खालून स्क्रूड्रायव्हर मागून आणू का? माझ्या डोक्यावर रंग चढतोय. केस धुवायचेत, आणि बाथरूमला दार नाही."

"दिलेली वस्तू परत मागायची? ते काय म्हणतील?"

"ते काही म्हणणार नाहीत. ते स्क्रू पिळत असतील."

जावईबापूंनी बॅटरी बायकोच्या लोकरी शालीत गुंडाळली आणि तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसले. ती माणसात आल्यावर तिचे पितळी पत्रे त्यांनी कोरड्या फडक्याने पुसले, चार्जरचे पुसले, आणि 'खट्' आवाज होईपर्यंत ती दाबून बसवली. लाल दिवा लागला आणि स्थिर राहिला. एवढ्या भानगडीनंतर तो स्थिर दिवा पाहून त्यांना भरून आले.

"लागला. लाल म्हणजे चार्ज होतंय, हिरवा म्हणजे झालं. बाबा, तुम्ही इथं बसता? मी बाथरूमला पडदा बांधून देतो हिला. हिरवा झाला की सांगा."

बाबांनी चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि खुर्ची चार्जरसमोर ओढली. नोकरीची सारी वर्षे त्यांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये काढली होती. निवृत्त झाल्यापासून दिव्यावर लक्ष ठेवायला कुणी सांगितलेच नव्हते. "पहिलं काय म्हणालात, ते पंख्याच्या आवाजात ऐकू नाही आलं," ते म्हणाले, "पण हिरवा झाल्याशिवाय सोडणार नाही. काळजी करू नका."

पडद्याची दोरी खिळ्याला गुंडाळून होते न होते, तोच हाक आली. "जावईबापू, हिरवा."

बाबांनी बॅटरी दोन्ही हातांनी, अदबीने सुपूर्द केली. चार्जरवर हिरवा दिवा तेवत होता. "बघितलंस? एवढ्यात झालं," जावईबापू बायकोला म्हणाले. "नवं तंत्रज्ञान." त्यांनी ड्रिलला बॅटरी लावून खटका दाबला. ड्रिलने पाव फेरा घेतला आणि अंग टाकले.

त्यांनी बॅटरी पुन्हा चार्जरला लावली. लाल. ते पडद्याकडे वळले, कारण पडदा एका बाजूने खाली आला होता आणि बायको आत होती. पुन्हा हाक आली, "हिरवा." पुन्हा बॅटरी अदबीने हातात, आणि पुन्हा ड्रिलचा अर्धवट सुस्कारा. जावईबापूंनी भिंतीतला प्लग बदलला, दुसऱ्या खोलीतला बोर्ड आणला, पत्रे पुन्हा घासले. दर वेळी लाल लागे, दर वेळी त्यांची पाठ वळताच बाबांकडून हिरव्याची वर्दी येई.

शेवटी त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"लाल लागतोय?" दुकानदाराने विचारले.

"लागतोय."

"हिरवा लागतोय?"

"लगेच लागतोय."

"मग तक्रार काय आहे साहेब? लोकांचे तासन् तास लागत नाहीत."

"अहो, पण ड्रिल फिरत नाही."

"मग बॅटरी गेली असंल. नाहीतर चार्जर. नाहीतर ड्रिल. तिन्ही घेऊन या उद्या, बघू काय गेलंय ते."

जावईबापूंनी फोन ठेवला आणि दाराशेजारी सोफ्यावर बसले. एकाला एक टेकून दोघेही सारखेच निकामी दिसत होते. ताई-भावोजी घरून निघाल्याचा निरोप बायकोच्या फोनवर येऊन पडला होता. जावईबापूंच्या डोळ्यांपुढे खुर्चीच्या पाठीला लावलेला कोट तरळू लागला.

एवढ्यात पडद्यावरचा विश्वास उडालेली बायको स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये डोके धुऊन, पंचा गुंडाळून हॉलमध्ये आली आणि थबकली. बाबा चार्जरसमोर ताठ बसले होते. चार्जर रिकामा होता. बॅटरी त्यांच्या मांडीवर होती.

"बाबा, ती बाहेर का काढली?"

"लाल होता."

"लाल असायलाच हवा ना."

"लाल असताना पुढं काही सोडायचं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "गाडी रुळावरून काढायची, लाइन मोकळी करायची. हे बघ." त्यांनी बॅटरी चार्जरला लावली. लाल. काढली. हिरवा. "मोकळी झाली की लगेच हिरवा होतो. चांगलं यंत्र आहे. आमच्या केबिनमध्ये असतं तर कष्ट वाचले असते."

"आणि दर वेळी तुम्ही असंच केलंत?"

"दर वेळी. चुकून एकदाही लाल राहू दिला नाही."

जावईबापूंनी डोळे मिटले. समोर सासरे होते, त्यामुळे मनात आलेल्या सगळ्या शब्दांना मागच्या दाराने बाहेर काढावे लागले. त्याला थोडा वेळ लागला.

"बाबा," ते म्हणाले, "तुम्ही आता जरा दारावर लक्ष ठेवा."

"कुठल्या? हे सोफ्यावरचं?"

"पुढच्या. भावोजी आले की सांगा."

मग बायकोने चार्जरवर पहारा दिला, आणि तो असा की लाल दिव्याची हिंमत झाली नाही बदलायची. थोडी धुगधुगी आल्यावर जावईबापूंनी बॅटरी काढली, ड्रिलला लावली, आणि काय आश्चर्य, ड्रिल गर्जले. बायकोने आणि बाबांनी सोफ्यावरचे दार उचलले, आडवे केले, तिरके केले, अरुंद बोळातून फिरवून फिरवून नेले आणि चौकटीत उभे धरले. पांढरे, गुळगुळीत प्लॅस्टिकचे दार ते. घाईत पाहणाऱ्याला इकडून तिकडून सारखेच. स्क्रू भराभर आत गेले. "डावीकडं घ्या, बाबा. अजून. बास." शेवटचा स्क्रू बसला आणि बॅटरीने कायमचा निरोप घेतला. बाबा पुन्हा पुढच्या दारावर जाऊन उभे राहिले. जावईबापूंनी एका बोटाने दार ढकलले. दार गेले. बोटाने ओढले. दार आले. फरशीला शब्दसुद्धा बोलले नाही.

त्याच क्षणी बाबांनी पुढच्या दारावरून वर्दी दिली, "आले."

साडू आत आले, कोट काढण्याआधीच बाथरूमकडे गेले आणि दारासमोर उभे राहिले. त्यांनी ते उघडले. मिटले. खाली वाकून फट पाहिली. खांद्याने उचलायचा प्रयत्न केला. दार उचलले गेले नाही. ताईसुद्धा श्वास रोखून उभी होती.

"कुणाला बोलावलं होतं?" साडूंनी विचारले.

"कुणाला कशाला बोलवायचं?" जावईबापू ड्रिलवरची धूळ झटकत म्हणाले. "एवढंसं तर काम."

"एकट्यानं?"

"बाबा होते सिग्नल द्यायला."

साडूंनी मान डोलावली. ती मान अशी सहजासहजी डोलत नसे. "छान झालंय," ते म्हणाले. "मला काही करायला ठेवलं नाहीत तुम्ही, साडूभाऊ." बायकोने नवऱ्याकडे लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच तसे पाहिले. काळ्याभोर केसांतून पाणी ठिबकत असूनही ती पाहत राहिली. जावईबापू सोफ्यावर बसले, पायावर पाय टाकला, आणि चहाचा कप हातात येण्याची वाट पाहू लागले.

साडू हात-पाय धुवायला आत गेले. दार अलगद मिटले. आतून बोटांनी चाचपल्याचा आवाज आला. आधी वर, मग खाली, मग बराच वेळ काहीच नाही.

मग दार बोटभर उघडले आणि साडूंचा अर्धा चेहरा बाहेर आला. आवाज अगदी सौम्य होता.

"साडूभाऊ, कडी तुमच्या बाजूला आलीय. तेवढी लावून घेता का? आणि मी हाक मारेपर्यंत जरा इथंच उभे राहा."