दोन विहिणींचा एक भुंगेरा

गोराज्दने आई आणि सासूबाई या दोघींनाही एकाच रविवारी जेवायला बोलावल्याचं कळलं, तेव्हा त्याची बायको नेझा भाजी चिरायची थांबली. लग्नात कुणाची पोतित्सा आधी कापायची यावरून दोघी विहिणींचं जे बिनसलं, ते बिनसलंच. अक्रोडाच्या त्या गोड वळकटीपायी त्या पुन्हा कधी एका टेबलाशी बसल्या नव्हत्या.

पण गोराज्दपुढे दुसरा मार्ग नव्हता. तो गुहांतल्या आंधळ्या भुंगेऱ्यांचा अभ्यासक. चेर्कनित्साच्या डोंगरात त्याला दोन नव्या प्रजाती सापडल्या होत्या, एक गुबगुबीत आणि एक सडपातळ. कुणाचं मन दुखवायला नको म्हणून गुबगुबीत भुंगेऱ्याला त्याने आईचं, लुदमिलाचं नाव दिलं आणि सडपातळ भुंगेऱ्याला सासूबाईंचं, विल्माचं. दोन्ही नावं एकाच लेखात जाहीर केली. दोन्ही घरांत भुंगेऱ्यांचे फोटो चौकटीत लागले. आईने तर पाद्रीबुवांनाही घरी बोलावून तो दाखवला.

मग प्रयोगशाळेतून डीएनएवरून काढलेली वंशावळ आली. दोन्ही भुंगेरे एकाच फांदीवर. प्रजाती एकच होती. गुबगुबीत ती मादी आणि सडपातळ तो नर.

एका प्रजातीला दोन नावं चालत नाहीत. दोन्ही एकाच दिवशी जाहीर झालेली असली, की पहिल्यांदा चूक दाखवणाऱ्याने एक निवडायचं. गोराज्दने हे काम सहकारी रोझालियाच्या गळ्यात घालून पाहिलं. तिने हात जोडले. तिला दोघींच्याही घरी जेवायला जायचं होतं. गोराज्दची झोप उडाली. आईचं नाव ठेवलं तर सासूबाई, सासूबाईंचं ठेवलं तर आई.

रविवारी सूप संपेपर्यंत दोघी फक्त नेझाशी बोलल्या. गोराज्द पाणी प्यायला. त्याने घसा खाकरला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या नावाचा किडा," विल्मा सावकाश म्हणाली, "हिच्या नावाच्या किडीचा नवरा?"

गोराज्दने मान हलवली. लुदमिलाने रुमाल तोंडावर धरला. तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा ती रडतेय असं वाटून तो उठलाच. पण ती हसत होती. थोड्या वेळाने विल्माही हसायला लागली.

"विहीणबाई," लुदमिला डोळे पुसत म्हणाली, "दोन वर्षं भिंगातून बघत होता हो हा. बाई कोण, बाप्या कोण, ते कळलं नाही याला."

"घरात तरी कुठे काय कळतं? मीठ समोर असतं आणि नेझाला हाका मारतो."

पुढचा तासभर दोघींनी मिळून त्याला सोलून काढला. लहानपणापासूनचे पुरावे निघाले. नावाचा निकाल जाता जाता विल्मानेच लावला. तिला बाप्या म्हणून मिरवायची हौस नव्हती. लुदमिलाचंच राहू दे म्हणाली. दोघी एकाच गाडीतून गेल्या.

गोराज्द खुर्चीत कोसळला. इतकी भीती उगाचच बाळगली, असं तो नेझाला म्हणाला.

नेझा ताटल्या विसळत होती. "जिन्यात ठरलंय त्यांचं," ती म्हणाली. "आता दर रविवारी दोघी मिळून इथेच येणार आहेत."