तुळसाकाकीने बाग कुणाला दिली

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सुमाराला वेंगुर्ल्याजवळच्या त्या वाडीत तुळसाकाकीइतका थाट कुणाचा नव्हता, आणि तो सगळा तिच्या नवऱ्याच्या मृत्युपत्राच्या जोरावर! परशुरामकाका गेले, मूलबाळ नव्हतं. जाताना लिहून ठेवलं की आंब्याच्या बागेचं उत्पन्न तुळसाने हयातभर घ्यावं. पुढे सत्यवान आणि धोंडू या दोन पुतण्यांपैकी बाग कुणाला, ते तिने आपल्या मृत्युपत्राने ठरवावं.

झालं. सत्यवान सकाळी बांगडे घेऊन हजर, तर धोंडू दुपारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन. एकाने कौलं परतली, दुसऱ्याने विहिरीचा रहाट बदलला. संध्याकाळी दोघंही घरापुढच्या खळ्यात बसत, एकमेकांवर नजर ठेवून, आणि काकांच्या मचव्याच्या गोष्टी निघत.

काकीला वाटलं, एकदाचा निकाल लावला की सुखाने जेवता येईल. तिने बाजारातल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून मृत्युपत्र करून घेतलं, 'माझे जे काही असेल ते सर्व सत्यवानास', आणि वाडीभर सांगून टाकलं.

धोंडू रागाने यायचा बंद झाला. सत्यवानाचं काम झालेलं, तोही फिरकेना. काकी कुळथाच्या पिठीवर जेवू लागली. पिठीचं काही नव्हतं. संध्याकाळी खळं रिकामं पडे, ते सोसेना. शेवटी ती काकांच्या वकिलांकडे गेली.

वकिलांनी कागद वाचून चष्मा काढला. "काकी, बाग तुमची नाहीच. तुमचा आहे तो फक्त निवडीचा अधिकार. बागेचा उल्लेख करून नाव घालायला हवं होतं. यात सत्यवानाला मिळतील ती तुमची भांडीकुंडी. दुरुस्त करू?"

"आनि नाव घालूकच नाय तर?"

"तर दोघांना निम्मी निम्मी."

मग काकांनी ती आधीच निम्मी निम्मी का केली नाही, हे काकीला आत्ता कुठे उमगलं. बाग तेव्हाच वाटली असती, तर खळ्यात येऊन कोण बसलं असतं? तिने पदराने डोळे टिपले. "रवांदे," ती म्हणाली. "माका अजून इचार करूचो आसा."

बागेचं ठरलेलं नाही, हे संध्याकाळपर्यंत दोघांच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बांगडे, सुंगटं, मचवा, सगळं पूर्ववत सुरू झालं. काकीचा विचार मरेपर्यंत चालला. त्रास एकच उरला. पोट बिघडलं तरी कुणाचं मासळीचं ताट परत पाठवायची सोय नव्हती. लगेच दुसऱ्याला बाग मिळाल्याची बातमी उठायची!