ॲडमिरलचा फोन

शनिवारी संध्याकाळी घरी येऊन पँटचे खिसे चाचपताना देटलेफ वीशमानच्या लक्षात आलं, की आपण फोन घोड्यावर विसरलो आहोत.

घोडा पूर्ण त्याचा नव्हता. अर्धा होता. उत्तर जर्मनीत, त्सेले गावाच्या बाजूला अर्धा घोडा बाळगणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मूळ मालकीण दातांची डॉक्टर. ती हॅम्बुर्गला गेली आणि घोडा मागे राहिला, एन्नो शेतकऱ्याच्या पागेत. तिनं मग तो दोघांत वाटून दिला. सोमवार, बुधवार, शनिवार देटलेफचे. मंगळवार, शुक्रवार, रविवार गेशे ल्यूर्स या बाईंचे. गुरुवारी घोड्याला सुट्टी असे आणि ती तो इतर दिवसांसारखीच घालवी, म्हणजे उभं राहून. त्याचं नाव ॲडमिरल. कुरणाच्या ज्या कोपऱ्यात सकाळी सोडावं, त्याच कोपऱ्यात तो संध्याकाळी सापडे.

वाटणीचे नियम ल्यूर्सबाईंनी केले होते. त्या जन्मभर कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. पहिला नियम असा, की दुसऱ्याच्या दिवशी पागेत पाऊल टाकायचं नाही. त्या भागात याला तुसडेपणा म्हणत नाहीत, आदर म्हणतात. या आदरापोटी दोन वर्षांत ते दोघं जेमतेम दोनदा समोरासमोर आले होते. बाकीचं बोलणं पागेतल्या फळ्यावर खडूनं चाले. ‘खरारा केला.’ ‘डावा मागचा खूर पाहावा.’ अलीकडे सूर जरा बदलला होता. ‘घोडा सुटत चालला आहे. कुणीतरी जास्तीचं चारत आहे.’ खाली देटलेफचं अक्षर: ‘मी नाही.’ त्याखाली: ‘मीही नाही.’ संशयित दोनच असल्यामुळे तपास तिथेच अडकला होता.

एकदा देटलेफ विसरलेले हातमोजे न्यायला मंगळवारी गेला होता. बुधवारी फळ्यावर वाक्य होतं: ‘काल मंगळवार होता.’ शिवाय हॅम्बुर्गहून मालकिणीचा फोन आला, की बाबा रे, त्यांना दुखवू नकोस, तुझ्या जागेसाठी एक मास्तर कधीपासून टपून बसलाय.

आता घोड्यावर फोन का, हे सांगायला हवं.

देटलेफची मुलगी इमके कॅनडात असे. जाताना तिनं बापाच्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला होता. त्यात चित्रातले प्राणी पाळायचे, जमवायचे, त्यांना वेळच्या वेळी खायला घालायचं. दोघांचा मिळून एक तबेला होता. “बाबा, आपण रोज तिथे भेटू,” ती म्हणाली होती. तिची मुशी नावाची एक पांढरी शिंगी, म्हणजे लहानशी घोडी, होती. काही आठवड्यांत इमके यायची थांबली. मुशी राहिली. भूक लागली की ती बारीक आवाजात खिंकाळे, आणि फारच दुर्लक्ष झालं तर रानात निघून जाईल, अशी खेळाची धमकी होती. देटलेफ आपले प्राणी जमवी आणि मुशीला मुलीच्या वतीनं खायला घाली. दोनशेच्या वर जनावरं झाली होती. भागीदारी इथलीही तशीच होती. भागीदार दिसत नसे.

नवीन प्राणी अंड्यातून निघत आणि अंडी उबण्यासाठी फोन घेऊन चालावं लागे. देटलेफचा गुडघा चालू देत नव्हता. तेव्हा त्यानं विचार केला, की आपल्याकडे चार पायांचा प्राणी आहे आणि त्याला दिवसभर दुसरा उद्योग नाही. त्यानं ॲडमिरलच्या पावसाळी झुलीला आतून मानेजवळ एक खिसा शिवला. त्यात फोन ठेवायचा. महिनाभरानंतर फोनमधल्या आकड्यांवरून असं निघालं, की ॲडमिरल देटलेफपेक्षाही कमी चालतो. तरी खिसा राहिला. मुशी खिंकाळली की ॲडमिरल कान टवकारे. तेवढीच दोघांना सोबत, असं देटलेफ स्वतःला सांगे.

त्या शनिवारी तो फोन काढायला विसरला. परत जावं तर एन्नो अंधार पडताच फाटक लावून कुत्रं सोडी आणि ते कुत्रं कुणालाच भागीदार मानत नसे. ल्यूर्सबाईंचा नंबर फोनमध्ये होता. फोन घोड्यात होता. आणि उद्या रविवार, बाईंचा दिवस.

रविवारी दुपारी तीन वाजता इमकेचा फोन येई. आठवड्यातला तेवढाच. तिकडचं हवामान, इकडचं हवामान, गुडघा कसा आहे, बरा आहे, चल बाबा, ठेवते. एकदा बॅटरी गेली म्हणून तो फोन चुकला होता. इमकेला वाटलं, बाबा शेवटी कुठेतरी, कुणाकडे तरी गेला. त्या आनंदात तिनं महिनाभर फोनच केला नाही.

फोन आणायला गेलं तर घोडा जाणार होता. न जावं तर इमके. देटलेफनं सायकल काढली.

त्याचा बेत साधा होता. रविवारी अडीचच्या पुढे त्या गावात प्रत्येक माणूस कॉफी आणि केक घेऊन टेबलाशी बसलेला असतो. त्या वेळात चोरीसुद्धा होत नाही, कारण चोरांच्या घरीही केक असतो. ल्यूर्सबाई खोगिरांच्या खोलीत बसून कॉफी घेतात, हे एन्नोकडून कळलं होतं. तेवढ्यात कुरणात शिरायचं, झुलीत हात घालायचा, निघायचं. देटलेफ गवताच्या ट्रेलरमागे वाकून उभा राहिला. खिशात पावाचा तुकडा होता, ॲडमिरलनं गडबड करू नये म्हणून.

ल्यूर्सबाई बाहेर आल्या. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात डबा. त्या खोगिरांच्या खोलीकडे गेल्याच नाहीत. सरळ कुरणात येऊन बादली उलटी घालून ॲडमिरलपाशी बसल्या.

“आज सकाळपासून तूच पहिला,” त्या घोड्याला म्हणाल्या. “काल बेकरीतली पोरगी बोलली, पण ती ‘अजून काही?’ एवढंच बोलते. ते बोलणं धरायचं का? मी धरते.”

ॲडमिरल गवत चघळत होता.

“एन्नो सांगत होता, तो वीशमान तुला गाणी म्हणून दाखवतो. बेसूर असणार. चेहऱ्यावरूनच वाटतं.” त्यांनी डबा उघडला. “पण झुलीचे पट्टे छान बांधतो हो. माझ्या नवऱ्याला बुटाची नाडी धड बांधता आली नाही, देवाघरी जाईपर्यंत.”

आणि त्यांनी लोण्याच्या केकचा हा एवढा तुकडा काढून ॲडमिरलच्या तोंडात दिला.

ट्रेलरमागे देटलेफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर संशय कुणावर आणि केक कोण चारतंय. तो स्वतः फक्त पाव देत असे, आणि पाव म्हणजे काही केक नव्हे. पण हे सांगायचं तर इथे कसे आलात तेही सांगावं लागलं असतं.

“बोलते बोलते आणि मीच बोलते,” ल्यूर्सबाई म्हणाल्या. “एकदा तरी उत्तर दे रे.”

ॲडमिरल खिंकाळला. बारीक, कोवळ्या आवाजात, आणि तोंड केकनं गच्च भरलेलं असताना.

बाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी एन्नोला हाक मारली. एन्नो तोंड पुसत आला.

“एन्नो, हा तोंड मिटून खिंकाळला.”

“घोडा आहे, ल्यूर्सबाई. खिंकाळणारच.”

“शिंगराच्या आवाजात.”

एन्नोनं घोड्याला कान लावला. मुशी पुन्हा ओरडली. एन्नोनं कान काढून घेतला आणि बराच वेळ ॲडमिरलच्या पोटाकडे पाहिलं.

“आत कुणीतरी आहे,” तो म्हणाला.

“आत म्हणजे?”

“वर्षभर फुगतोच आहे हा.”

“एन्नो, हा नर आहे. तोही खच्ची केलेला.”

“म्हणूनच म्हणतो, डॉक्टर बोलवू.”

जनावरांचे डॉक्टर टाडेन शेजारच्याच घरात राहत. ते आले तेव्हा त्यांच्या स्वेटरवर केकचा चुरा होता आणि चेहऱ्यावर उरलेल्या केकची काळजी. त्यांनी झूल मागे सारून स्टेथोस्कोप लावला.

“खायला काय दिलं होतं?”

“थोडासा केक,” ल्यूर्सबाई म्हणाल्या. कोर्टात इतकी वर्षं काढल्यामुळे खोटं बोलण्याचा सराव नव्हता.

“कधी?”

“रविवारी.”

“या रविवारी?”

“सगळ्याच.”

डॉक्टर पुढं काही बोलणार, एवढ्यात घोड्यातून संगीत वाजू लागलं. ॲकॉर्डियनवरचं, कोळ्यांचं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, नळ्या कानांतून काढल्या आणि म्हणाले, “याचा फोन आलाय.”

तीन वाजले होते. ट्रेलरमागे देटलेफनं डोळे मिटून घेतले.

ल्यूर्सबाईंनी झुलीत चाचपून खिसा शोधला, फोन काढला आणि बोट फिरवलं. पडद्यावर एक तरुण चेहरा आला.

“बाबा?”

“मी बाबा नाही. मी ल्यूर्स.”

“बाबाला काही झालंय का? त्याचा फोन तुमच्याकडे कसा?”

“घोड्यात होता. आज माझा दिवस आहे.”

“थांबा, म्हणजे तुम्ही त्या अर्ध्या घोड्याच्या—”

“दुसरा अर्धा.”

इमके हसली. ल्यूर्सबाई बादलीवर बसल्या. डॉक्टरांनी उघडा डबा पाहिला, विचारलं नाही, एक तुकडा घेतला आणि एन्नोलाही दिला. आणि मग जे बोलणं सुरू झालं ते संपेच ना. इमकेच्या घराचं छप्पर गळतं. तिच्या वरिष्ठांचं डोकं ठिकाणावर नाही. तिला इकडच्या केकची आठवण येते. यातलं एक अक्षरही देटलेफनं कधी ऐकलं नव्हतं. त्याचा गुडघा वाकून वाकून पेटला होता.

“बाबा माझ्याशी बोलतच नाही हो,” इमके म्हणाली. “हवामान विचारतो. गुडघा विचारला की बरा आहे म्हणतो. कंटाळत असेल माझ्या फोनला. म्हणून मीच लवकर ठेवते.”



“गुडघा बरा नाहीये त्यांचा,” ल्यूर्सबाई म्हणाल्या. “घोड्याच्या पाठीला खरारा करायला बादलीवर चढतात. एकाच बाजूनं रेटतात सगळा भार. बादलीचा तळ फाटलाय त्या बाजूला. बघते ना मी.” मग त्या पडद्याकडे वाकल्या. “आणि इथे कोपऱ्यात कुणी पांढरी शिंगी नाचतेय. भूक लागली म्हणते.”

“मुशी? ती अजून आहे? मी तर तो खेळ कधीच काढून टाकला.”

“गुबगुबीत आहे. कुणीतरी चारतंय तिला.”

इमके म्हणाली, “तुम्ही घेता का माझा वाटा? त्याला एकट्याला दोन्हीकडचं करावं लागतं.”

ल्यूर्सबाईंनी विचार केला. “कोणते वार?” त्यांनी विचारलं.

याच वेळी ॲडमिरल चालू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. तो आपला कोपरा सोडून थेट ट्रेलरपाशी गेला, मागे वळला आणि देटलेफच्या खिशात तोंड घातलं. इतका चाललेला घोडा पाहून बाकीचे तिघंही मागोमाग आले.

“वीशमान,” ल्यूर्सबाई म्हणाल्या, “आज रविवार आहे.”

“माहीत आहे.”

ॲडमिरल पाव खात होता. ल्यूर्सबाईंनी पावाकडे पाहिलं. देटलेफनं त्यांच्या कपड्यांवरच्या केकच्या चुऱ्याकडे पाहिलं. दोघांनीही नजर फिरवली.

“म्हणजे दोघंही,” एन्नो म्हणाला.

“पथ्य,” डॉक्टर म्हणाले. “घोड्याला. तुमचं तुम्ही बघा.”

ल्यूर्सबाईंनी फोन पुढं केला. “तुमची मुलगी आहे.”

“बाबा? तू तिथेच होतास? कसा आहेस?”

देटलेफच्या तोंडात ‘बरा आहे’ तयार होतं. दोन वर्षं ते तिथेच असे.

“गुडघा फार दुखतोय गं,” तो म्हणाला. ते दोघं बॅटरी संपेपर्यंत बोलले. शेवटी शेवटी तो बादलीवर बसला होता आणि बाई उभ्या होत्या.

सोमवारी त्यानं पागेचं दार उघडलं. फळ्यावर लिहिलं होतं: ‘मुशी: मंगळ, शुक्र, रवि माझ्याकडे. केक बंद. पाव बंद.’ हॅम्बुर्गहून फोन आला नाही. दुसराही कुणाचा आला नाही. आठवडा नेहमीसारखा गेला. सोमवारी तो आणि घोडा, बुधवारी तो आणि घोडा, मधल्या दिवशी तो आणि रेडिओ. मुशी मात्र शुक्रवारी उपाशी नव्हती. कुणीतरी आधीच खायला घालून गेलं होतं. देटलेफनं तिच्या भरल्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं.

शनिवारी त्यानं झुलीच्या खिशात फोन ठेवायला हात घातला, तर आत आधीच एक फोन होता. त्याचा नव्हता. पडद्यावर मुशी, आणि खाली एक अंडं, नुकतं मिळालेलं, कुणी चाललं नसल्यामुळे जसंच्या तसं.

विसरायला ल्यूर्सबाई आयुष्यात काही विसरलेल्या नव्हत्या. देटलेफनं फाटकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. आज त्याचा वार होता. हा फोन परत करायचा तर त्यांच्या वारी यावं लागणार, आणि विसरलेल्या वस्तूबद्दलचा नियम तर मंगळवारच्या हातमोज्यांवरून सगळ्यांना माहीत होता.

त्यानं आपला फोन त्या फोनशेजारी ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. उद्या रविवार होता, आणि तीन वाजता इमकेचा फोन येणार होता. ॲडमिरल चार पावलं चालला, थांबला आणि चरू लागला.

दुपारी घरी जाताना देटलेफ बेकरीत शिरला. लोण्याच्या केकचे दोन तुकडे मागितले.

“अजून काही?” पोरीनं विचारलं.

एरवी तो ‘नाही’ म्हणून निघत असे. आज तो काउंटरपाशी जरा थांबला.

“एक छोटा तुकडा वेगळा बांध,” तो म्हणाला. “अगदी छोटा. त्याला पथ्य आहे.”