सेफ्टीसाहेबांच्या घरची आग

आग विझून तासही झाला नव्हता, आणि तेवढ्यात सेफ्टीसाहेबांच्या बायकोला इमारतीतल्या सात जणींनी माफ करून टाकलं होतं.

"होतं असं, वहिनी. मनाला लावून घेऊ नका," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "परवा माझंही दूध उतू गेलं. आपण बायका म्हणजे दहा कामं एका वेळी, एखादं बटण राहायचंच."

बायको जिन्याच्या पायरीवर बसली होती. मांडीत आठ वर्षांची लेक, पायाशी ओल्या राखेचं काळं पाणी. घरातले सगळे सकाळीच तिच्या बहिणीकडे गेले होते, म्हणून कुणाला साधं खरचटलंही नाही. पण दुसऱ्या मजल्यावरचं त्यांचं स्वयंपाकघर राहिलं नव्हतं, आणि बाहेरच्या खोलीला अर्ध्या उंचीपर्यंत काजळी चढली होती. आगीच्या बंबावरचा माणूस पाईप गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाला होता, "ओट्यापासून लागलेली दिसते." तो जिना उतरून खाली पोचेपर्यंत इमारत ओट्यावरून गॅसवर आणि गॅसवरून बायकोवर येऊन पोचली होती. मध्ये कुठे कुणी थांबलंसुद्धा नाही.

तसा दोष लोकांचा नव्हता. दुसरं कुणाचं नाव सुचणार? सेफ्टीसाहेब साबणाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. आग लागू नये म्हणून पगार घेणारा इमारतीतला तो एकमेव माणूस. जिन्यात प्रत्येक वळणावर त्यांच्या हस्ताक्षरातल्या सूचना होत्या. दर सहा महिन्यांनी ते सगळ्यांना खाली उतरवून घड्याळ लावून उभं करत, आणि उशीर करणाऱ्या म्हाताऱ्यांना 'तुम्ही आत्ता मेलात' असं तोंडावर सांगत. घरातून निघताना ते तीनदा परत जाऊन सगळी बटणं बघत. अशा माणसाचं घर जळालं म्हटल्यावर लोक हळहळले. "बिचारे. एवढा जपणारा माणूस! पण एकट्याने जपून काय होतं?"

सेफ्टीसाहेब हे सगळं ऐकत भिंतीला टेकून उभे होते. आग त्यांनी लावली होती.

त्या सकाळी त्यांनी ओट्याच्या टोकावर चादर अंथरून शर्टाला इस्त्री केली. त्या खोलीतला एकच प्लग तिथे होता. मग बटण बंद केलं, आणि जिना उतरून पुन्हा बघायला वर गेले. त्यांची बघण्याची एक पद्धत होती. नुसतं बघून त्यांचं समाधान होत नसे. ते बटण चालू करत, इस्त्रीचा लाल दिवा लागल्याचं बघत, मग बंद करत आणि दिवा विझल्याचं बघत. म्हणजे कसं, शंकेला जागाच नाही. पहिल्या खेपेला झालं, दुसऱ्या खेपेला झालं. तिसऱ्या खेपेला बटण चालू केलं, लाल दिवा लागला, आणि तेवढ्यात खालून काकूंच्या नवऱ्याची, हेडक्लार्ककाकांची हाक आली, "अहो, टॅक्सीवाला निघाला!" साहेब धावत सुटले. न तपासणाऱ्या माणसाचं घर त्या दिवशी शाबूत राहिलं असतं.

दुपारी ढिगाऱ्यात त्यांना इस्त्रीचा काळा गोळा सापडला. कुणी बघायच्या आत त्यांनी तो राखेच्या घमेल्यात टाकून दिला. आयुष्यात त्यांनी पुरावा असा पहिल्यांदाच नष्ट केला, आणि ते इतकं पटकन जमलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

बायकोला सांगायचं, हे त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. मात्र एकटीला गाठून सांगायचं. चार लोकांत नको. जिन्यातल्या सूचनांवर त्यांचीच सही होती.

आता, एकटीला गाठणं तेवढं सोपं राहिलं नव्हतं, कारण इमारत मदतीला उभी राहिली होती. मदतीची सूत्रं तळमजल्यावरच्या हेडक्लार्ककाकांनी हातात घेतली. निवृत्त झाल्यापासून काकांना वेळापत्रक करायला काही मिळालंच नव्हतं. त्यांनी आडव्या-उभ्या रेघा मारून एक मोठा तक्ता केला आणि जिन्यात लावला. साहेब काकांकडे राहणार. लेक तिच्या मैत्रिणीकडे, दातांच्या डॉक्टरांच्या घरी. बायको तिसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाईंकडे. सकाळचं जेवण एका घरी, रात्रीचं दुसऱ्या. साहेबांची पंगत पुरुषांत, बायकोची बायकांत.

"पण काका, आम्ही तिघं एकाच घरी, कोपऱ्यात कुठेतरी..." साहेबांनी बोलून बघितलं.

"कोपऱ्यात? आम्ही मेलो का? तुम्हाला वेगळी खाट आहे माझ्याकडे. पंखा बरोबर डोक्यावर येतो," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. या आगीने काका का कोण जाणे, पण फारच हलले होते. रात्री चारदा उठून ते साहेबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत.

मदत चोहीकडून येत होती. कुणी गाद्या दिल्या, कुणी बादल्या दिल्या. डॉक्टरांनी दवाखान्यातली रुग्णाची जुनी खुर्ची पाठवली, ती मागे कलत असे पण परत सरळ होत नसे. प्रत्येक घराने उरलेल्या रंगाचा डबा आणून एकेक भिंत रंगवून दिली, त्यामुळे बाहेरच्या खोलीत कुठेही उभं राहिलं तरी कुणाच्या तरी बेडरूममध्ये आल्यासारखं वाटे. साहेबांना कामावर इस्त्रीचे कपडे लागतात हे सगळ्यांना ठाऊक असल्याने नव्या-जुन्या मिळून चार इस्त्र्या आल्या. प्रत्येक इस्त्री हातात घेताना साहेबांचा चेहरा असा होई, की देणाऱ्याला आपण फारच मोठं काहीतरी दिलं असं वाटे.

आणि प्रत्येक वस्तूबरोबर बायकोला एक सल्ला मिळे. मास्तरीणबाई तर रोज संध्याकाळी तिला गॅसपाशी उभी करून धडा देत. "ही कळ. ही अशी आडवी म्हणजे बंद. म्हणा, काय?"

"बंद," बायको म्हणे.

साहेबांनी तिला जिन्यात गाठायचा प्रयत्न केला, तर गादीचं दुसरं टोक धरायला माणूस हजर. जळक्या घरात गाठावं म्हटलं, तर तिथे सहा जण भिंती खरवडत होते. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन खालच्या पायरीवरून विचारलं, "अहो, इस्त्री सापडली का कुठे?"

"इस्त्री? नाही. जळाली असेल," साहेब म्हणाले. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि मग जेवायला गेली. तक्त्याप्रमाणे तिची पाळी पहिल्या मजल्यावर होती.

आठव्या दिवशी साहेबांनी चिठ्ठी लिहिली : 'तुझ्याशी एकटीशी बोलायचं आहे. संध्याकाळी पाचला गच्चीवर ये.' ती चिठ्ठी त्यांनी मास्तरीणबाईंकडून आलेल्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. डबा बायकोच धुते, असा त्यांचा हिशोब. पण मास्तरीणबाईंच्या घरात कुणाचंही काही वाचल्याशिवाय पुढे जात नसे.

पाचला गच्चीचं दार उघडलं. पुढे मास्तरीणबाई, मागे बायको.

"साहेब, रागवायचं असेल तर माझ्यासमोर रागवा," बाई म्हणाल्या. "एकटीला गाठून बोलणं मी चालवून घेणार नाही. चूक झाली तिच्या हातून, मान्य. तिलाही मान्य आहे."

"बाई, मला रागवायचं नाहीये. मला उलट..."

"उलट बोलू नका. माणूस चुकतो. तुम्ही चुकत नाही म्हणून सगळ्यांनी तुमच्यासारखं असावं, हे बरोबर नाही."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. ती वाट बघत उभी होती. आता नुसतं तोंड उघडायचं होतं. समोर फक्त एक मास्तरीणबाई होत्या, इमारत नव्हती. पण चाळीस वर्षं मुलांना ओणवं करणाऱ्या बाईंनी नुकतंच त्यांना 'न चुकणारा' म्हटलं होतं, आणि ते प्रमाणपत्र हातात आल्याआल्या परत करायला साहेबांचा जीव झाला नाही.

"पाणी... टाकीत पाणी आहे का, बघायचं होतं," ते म्हणाले.

बायको खाली गेली. त्या रात्री साहेबांना काकांच्या पंख्याखालीही घाम आला.

बाराव्या दिवशी घर राहण्याजोगं झालं. काकांनी छोटा समारंभ ठेवला. बाहेरच्या खोलीत चार रंगांच्या भिंतींमध्ये सगळी इमारत दाटीवाटीने उभी राहिली. काकांनी भाषण सुरू केलं, पण त्यांचा आवाज सारखा भरून येत होता, म्हणून ते लवकर आटोपलं. मग मास्तरीणबाई पुढे झाल्या आणि त्यांनी कागदात गुंडाळलेली एक पाटी बायकोच्या हातात दिली. बायकोने कागद काढला. लाकडी पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'गॅस बंद केला का?'

"ओट्यासमोरच लावायची. आम्ही सगळ्यांनी मिळून करून घेतली," बाई म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, निव्वळ प्रेम होतं, आणि तेच वाईट होतं.

बायकोने पाटी छातीशी धरली. "थँक यू," ती म्हणाली. लेक तिच्या पदराआडून सगळ्यांकडे बघत होती आणि आईचं चुकलंय हे तिलाही आता पाठ झालं होतं. सेफ्टीसाहेबांना ते दिसलं, आणि मग त्यांना राहवेना.

"आग मी लावली," ते म्हणाले.

टाळ्या थांबल्या. साहेबांनी सगळं सांगितलं. इस्त्री, तीन खेपा, लाल दिवा, राखेचं घमेलं. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. पण ते क्षणभरच, कारण खोलीभर लोक गहिवरले होते.

"बघा," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बायकोचा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतोय. नाहीतर आमच्याकडे."

"असा नवरा मिळायला भाग्य लागतं," डॉक्टर म्हणाले.

"अहो, मी खरं सांगतोय!"

"कळतंय आम्हाला. मोठं मन आहे तुमचं."

"मोठं नाहीये! मीच लावली! बटण चालू करून बघायची सवय आहे मला!"

"साहेब, पुरे," मास्तरीणबाईंचा आवाजसुद्धा मऊ झाला. "तुमच्यासारखा माणूस इस्त्री चालू ठेवून जाईल हे पहिलीतलं पोरसुद्धा मानणार नाही. आग गॅसची होती."

"गॅस संपला होता," बायको म्हणाली.

एवढ्या दिवसांत तिचा आवाज एवढा स्पष्ट कुणी ऐकला नव्हता, म्हणून सगळे वळले.

"आदल्या रात्रीच संपला होता. त्या सकाळी चहासुद्धा झाला नाही, म्हणून तर बहिणीकडे जायला लवकर निघालो. यांनी निघताना गॅसची कळ तीनदा बघितली. रिकाम्या सिलिंडरची."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. सकाळी चहा मिळाला नव्हता हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?" मास्तरीणबाईंचं बोलणं प्रथमच अडखळलं.

"बारा दिवस सगळ्यांनी मला सांगितलं, बाई. विचारलं कुणीच नाही."

तेवढ्यात डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेले हेडक्लार्ककाका उठायला गेले आणि खुर्चीसकट मागे कलले. तसेच छताकडे बघत ते बोलले, "हाक मी मारली होती. टॅक्सीवाला कुठेही निघाला नव्हता. मलाच घाई होती, त्याच टॅक्सीने मी पुढे जाणार होतो. साहेब वरून ओरडले, 'इस्त्री बघतोय,' तर मी म्हटलं, मरू दे ती इस्त्री." त्यांनी डोळे मिटले. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण सगळे गॅस म्हणाले. मी म्हटलं, गॅस तर गॅस."

काकूंनी नवऱ्याला हात देऊन खुर्चीतून ओढून काढलं. सेफ्टीसाहेब बायकोपाशी गेले.

"मी तुला सांगणारच होतो गं. पहिल्या दिवसापासून. पण तू एकटी भेटतच नव्हतीस."

"एकटीला सांगून काय होणार होतं?" ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं. दोष लागला होता तो सगळ्यांसमोर."

साहेबांनी मान खाली घातली. मग सगळ्यांसमोर, मोठ्याने, लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं चुकलं. आगीतही, आणि नंतर त्याहून जास्त."

बायकोचे डोळे भरून आले. बारा दिवसांत ती पहिल्यांदा रडली, आणि तिला रडताना बघून चार-पाच जणी रडल्या. मास्तरीणबाईंनी तिच्या हातातली पाटी काढून घेतली आणि पदराखाली लपवली. मग घसा खाकरून, अगदी नव्याने शिकल्यासारखं त्यांनी विचारलं, "तुम्हाला... आत्ता काय हवंय?"

बायकोने जरा विचार केला. "आमच्या घरी आमच्या हातचा चहा. तुम्ही सगळं दिलंत, फक्त सिलिंडर तेवढा राहिलाय."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुरुषमंडळी जिन्याने धावत सुटली. अर्ध्या तासात बाहेरच्या खोलीत सात भरलेले सिलिंडर येऊन उभे राहिले. दोन अजून पहिल्या मजल्यावर धापा टाकत होते. सिलिंडरांभोवती घामाघूम झालेली इमारत कौतुकाच्या अपेक्षेने उभी होती. एका बंद खोलीत सात सिलिंडर म्हणजे काय, हे त्या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होतं. सेफ्टीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, हात आपोआप वर गेला, तोंड उघडलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

"काय करू या?" त्यांनी विचारलं.

"एक ठेवा," बायको डोळे पुसत म्हणाली. "बाकीचे खाली न्या, आणि सगळे चहाला परत या. कप आपापले आणा."