सुकरीच्या कबरीवरचा उजेड

मुखरूने पुन्हा काडी ओढली. मेणबत्ती पेटली, नीट उभी राहिली आणि त्याने पाठ फिरवताच विझली. वारा नव्हता. बाजूच्या बांधीतला धानही हलत नव्हता.

मृतांचा दिवस होता. चर्चमागच्या कबरस्थानात प्रत्येक कबरीवर झेंडू आणि मेणबत्त्या होत्या. पण मुखरूची बायको तिथे नव्हती. शेवटी शेवटी सुकरी जंगलाकडच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात जाऊ लागली होती. ती गेली तेव्हा पास्टर लोकेशने तिला प्रार्थनाघरामागेच पुरलं. तिथे क्रूस नाही, फूल नाही, मेणबत्ती नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, हा त्यांचा नियम.

मुखरूने सकाळी फादरांना विचारलं होतं, "फादर, ते तिकडं अंधारात हाये. माही मेणबत्ती चालन का तिले?"

"जागा कोणाची, हे मेणबत्ती विचारत नाही," फादर म्हणाले आणि आशीर्वाद दिलेला अख्खा पुडा त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

आता दिवस बुडाला होता. विझलेल्या वातीचा धूर सरळ वर जात होता. मुखरूने मेणबत्ती परत लावली आणि कोण विझवतं ते बघायला मोहाच्या झाडामागे जाऊन बसला. भीती वाटू लागली तशी जपमाळ काढून पुटपुटू लागला.

प्रार्थनाघरातून नीलाबाई पाणी घ्यायला बाहेर आली आणि बादली टाकून आत पळाली.

"पास्टर, सुकरीबाईच्या कबरीवर उजेड हाये. अन् कोणीतरी बडबडून राह्यलं तिथी."

लोकेश दोन्ही हात वर करून बाहेर आला. मागून सगळे विश्वासी एकमेकांना धरून.

"अशुद्ध आत्म्या, प्रभूच्या नावानं सांगतो, बाहेर निघ."

जागा त्यांची होती. मुखरूला वाटलं, आपल्यालाच सांगतात. तो झाडामागून उठला. "निघालो, भाऊ."

लोकेश दोन पावलं मागे सरला. आजवर कोणत्याही आत्म्याने त्याचं इतक्या लवकर ऐकलं नव्हतं.

"अवो, हे तं मुखरूभाऊ होय," नीलाबाई म्हणाली.

लोकेशने श्वास सोडला. "भाऊ, मेणबत्ती काऊन लावता? सुकरीबाई प्रभूजवळ गेली. तिले उजेड लागत नाई."

"लागत नाई तं नाई. पण तुमी इझवता काऊन? मी लावून राह्यलो अन् तुमी इझवून राह्यले."

"आमी कुठी इझवली? आमी आत गाणे म्हणत होतो."

"सारेच?"

"सारेच."

तेवढ्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ज्योत एका बाजूला वाकली, जवळ तोंड नेऊन कोणी फुंकर घालावी तशी, आणि विझली.

"भाऊ," लोकेश अगदी हळू म्हणाला, "पुन्हा लावा."

मुखरूने काडी काढली आणि तशीच धरून बसला. सुकरीला उजेडात झोप येत नसे. आधी चिमणी आणि नंतर बल्ब, त्याचं जेवण पुरं व्हायच्या आत ती मालवायची. मग तो अंधारात चाचपडत हात धुवायचा आणि कुरकुरायचा.

त्याने काडी परत पेटीत ठेवली. मातीवर हात ठेवला.

"झोप वो," तो म्हणाला. "नाई लावत आता."

तो उठला आणि घराकडे वळला. बाकीचे हलेनात. गावाची वाट जंगलाच्या कडेने होती, आणि प्रार्थनेला मोबाइल आणायचा नाही, असा लोकेशचाच हुकूम होता.

"मुखरूभाऊ," लोकेशने घसा साफ केला, "पुड्यात अजून हायेत का?"

मुखरूने एकेकाच्या हातात एकेक दिली आणि पेटवून दिली. सगळे विश्वासी आशीर्वादाच्या मेणबत्त्या छातीशी धरून, गाणं म्हणत, बांधावरून एकामागे एक निघाले. चर्चच्या पायरीवरून फादरांना ती मिरवणूक दिसली. यंदा आपण तर ठेवली नव्हती, ते मनाशी म्हणाले आणि त्यांनी क्रूसाची खूण केली.

सगळ्यांत मागे मुखरू चालत होता. त्याच्या हातात मेणबत्ती नव्हती.